फोटो बारीक करायच्या आधी

आज पिकाचं नाही, पिकाच्या फोटोचं लिहितो.

2024 च्या पोळ्याला आपल्या परभणी जिल्ह्यात पावसानं काय केलं ते सांगायला नको. वालूरच्या शिवारात माझं दोन एकर सोयाबीन पाण्यात गेलं. 1 रुपयात विमा काढलेला होता. 72 तासांत कळवायचं म्हणून चिखल तुडवत 46 फोटो काढले, तक्रार वेळेत केली. पुढं एका ऑफिसातून निरोप आला, सगळे फोटो द्या, पण एकेक 200 केबीच्या आत पाहिजे. माझा एकेक फोटो 4 एमबीचा, म्हणजे वीसपट!

पुतण्या म्हणला, "काका, एकेक कशाला करत बसता, एका दमात सगळे करतो." त्यानं लॅपटॉपवर पॉवरटॉईज नावाचा फुकटातला प्रोग्राम टाकला. सगळे फोटो निवडले, उजवं बटण दाबलं, सगळ्यात लहान साईज दिली. अर्ध्या मिनिटात 46 फोटो तयार. मी खूश. मोबाईल भरला होता, त्यातले फोटो लगेच पुसून टाकले.

ऑफिसात विचारलं, हे कधीचे? कोणत्या वावरातले? फोटोत तारीख नाही, ठिकाण नाही. सडलेली मुळं दाखवायला गेलो तर नुसता काळा ठिपका.

घोटाळा दोन खुणांचा होता. एक खूण मूळ फोटोच बदलायची. दुसरी फोटोतली जास्तीची माहिती काढायची. तारीख अन् ठिकाण त्याच माहितीत असतं. पुतण्यानं दोन्हीवर टिक केली होती.

साईजचा हिशोब आपल्या वावरासारखाच आहे. 208 फूट बाय 208 फूट म्हणजे साधारण एकर, 40 गुंठे. दोन्ही बाजू निम्म्या केल्या तर 20 गुंठे नाही, 10 च उरतात. फोटोचंही तसंच. 4000 बाय 3000 चा 2000 बाय 1500 केला की ठिपके चौथाईच राहतात. म्हणून एकदम तळाची साईज देऊ नका.

आता मी असं करतो.

1. फोटो काढायच्या आधी मोबाईलचं लोकेशन चालू आहे का बघतो.
2. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरात अन् पेनड्राईव्हवर ठेवतो. बारीक करायचं ते कॉपीवर.
3. त्या दोन्ही खुणा रिकाम्या ठेवतो.
4. आधी एकच फोटो करून बघतो. केबी बसले अन् पान-मूळ ओळखू आलं, तरच बाकीचे.
5. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून. साधा पाठवला की तारीख-ठिकाण गळून जातं, फोटोही दाबला जातो.

ही पाचवी गोष्ट लेकीमुळं कळली. त्या दिवशी तिनं सहा फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवले होते. तेवढेच जसेच्या तसे राहिले, त्यांच्यावरच पुढचं काम भागवलं. बाकी 40 गेले ते गेले.

सातबारा मागितला तर आपण झेरॉक्स देतो, मूळ कागद घरीच ठेवतो. फोटोच्या बाबतीत मात्र हे सुचलं नाही. पुतण्याला काही बोललो नाही. मोबाईलमधले पुसले ते मीच.