रिकाम्या बाइटांची जबाबदारी

स्टॅकवरील प्रत्येक स्थानिक चल कंपायलरने आपण होऊन शून्य करावा, ही तरतूद २०२२ साली जीसीसीच्या बाराव्या आवृत्तीत आली, तेव्हा लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्या आम्हां मंडळींनी तिचे मनःपूर्वक स्वागत केले. परंतु स्ट्रक्चरची नुसती घोषणा वाचून त्यातील भोके नजरेने हेरण्याची जी विद्या मी अनेक वर्षे अभिमानाने जोपासली होती, तिची मातब्बरी त्यामुळे उतरली, याचे मला दुःखही झाले, आणि ते लपविण्याची माझी इच्छा नाही.

या भोकांनी मला खरोखर पछाडले आहे. एका बाइटाच्या क्षेत्रापाठोपाठ चार बाइटांचा पूर्णांक आला की मध्ये तीन बाइट मोकळे राहतात. त्यांना नाव नसते, म्हणून त्यांत कोणी लिहीत नाही, आणि आधीच्या फंक्शनने टाकून दिलेला ऐवज तेथे तसाच पडून राहतो. कर्नलमधून वापरकर्त्याकडे मजकूर पोहोचविणारे 'कॉपी टू यूजर' मात्र क्षेत्रे न पाहता केवळ लांबी पाहते. कारकुनाने गोपनीय मसुद्याच्या पाठकोऱ्या बाजूवर पावती लिहून ती पक्षकाराच्या हवाली करावी, तसा हा व्यवहार होतो.

तीन बाइटांनी काय बिघडते, असे विचारणारे पुष्कळ आहेत. एक्स८६-६४ वर कर्नलचा पाया यदृच्छेने सरकविला जातो खरा, पण त्याला जागा अवघ्या ५१२, दोन-दोन मेगाबाइटांच्या अंतरावर. म्हणजे गुप्त राहणारे बिट केवळ नऊ, एकविसाव्यापासून एकोणतिसाव्यापर्यंतचे. स्ट्रक्चरच्या आरंभीच्या त्या भोकाखाली कर्नलमधील फंक्शनचा जुना पत्ता राहिला असेल, तर भोकातले तीन बाइट नेमके याच बिटांना सामावून घेतात, आणि सारा कर्नल एकाच अंतराने सरकलेला असल्यामुळे एका पत्त्यावरून सगळ्यांचा हिशेब लागतो.

माझ्या हाताखाली आलेल्या एका तरुणाने विचारले, "सर, सगळी क्षेत्रे भरली आहेत, मग मेमसेटने सारे आधी शून्य कशाला करायचे?" प्रश्न रास्त होता, कारण क्षेत्रांना आरंभिक मूल्ये दिली की स्ट्रक्चर स्वच्छ झाले असे कोणालाही वाटावे, परंतु स्थानिक चलातील पॅडिंगही त्याने शून्य होईल, अशी सरसकट हमी सी भाषेच्या मानकावरून धरून चालता येत नाही. मी उत्तर दिले, आणि ते देताना आपल्या ज्ञानाचे प्रदर्शन घडावे ही हौसही मनात होती.

गळती म्हणजे दुय्यम दोष, असे मानून स्मृतीत लिहू देणाऱ्या दोषांनाच मान देणारा जो संप्रदाय आमच्यात आहे, त्याच्याशी माझे कधीच जमले नाही. २०२० साली अँडी न्गुयेन यांनी उघड केलेला लिनक्सच्या ब्लूटूथमधील 'बॅडचॉइस' हा दोष पाहा: चुकीच्या विनंतीला उत्तर देताना क्रमांक आणि स्थिती एवढेच भरले जाई, आणि उरलेले सोळा बाइट स्टॅकवरच्या जुन्या मजकुरासह हवेतून परक्याच्या हाती जात. 'बॅडकर्मा' या दुसऱ्या दोषाशी त्याची सांगड घातल्यावर, यंत्राच्या धन्याने कशालाही हात न लावता त्याच्या यंत्रावर परक्याचा कोड चालविता आला. आणि या गळतीवरचा इलाज होता मेमसेटची एक ओळ.

कंपायलरचा पर्याय स्टॅकपुरताच आहे, हीपसाठी लिनक्स ५.३ पासून 'इनिट ऑन अलॉक' आहे, आणि शून्य करण्याऐवजी दोषच शोधून काढणारे केएमसॅन ६.१ मध्ये दाखल झाले. वेग घटतो म्हणून शून्य करणारे हे पर्याय बंद ठेवणाऱ्यांचा मला राग येतो, कारण वाचविलेल्या त्या क्षणांची किंमत दुसराच कोणी भरतो. माझ्या नजरेपेक्षा हे पर्याय अधिक विश्वसनीय आहेत, हे मला मान्य करावे लागते. नजर थकते, आणि नजरेखालून न गेलेला कोड नेहमीच अधिक असतो.

म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: हे पर्याय चालू ठेवा, आणि तरीही वापरकर्त्याकडे जाणारे प्रत्येक स्ट्रक्चर भरण्याआधी स्वतः शून्य करा, कारण तुमचा कोड उद्या कोणत्या पर्यायांनिशी बांधला जाईल, हे तुमच्या हाती नाही.