नुसते एम. ए.

आमच्या कॉलेजच्या शिक्षककक्षाबाहेर प्राध्यापकांच्या नावांची एक पाटी आहे. दर दोन-तीन वर्षांनी तिला नवा रंग बसतो, आणि दर खेपेला तिच्यावरचे 'प्रा.' कमी होतात व 'डॉ.' वाढतात. गेल्या जून महिन्यात रंगारी शिडी घेऊन गेल्यावर मी सहज मोजून पाहिले, तेव्हा मराठी, हिंदी, इतिहास आणि अर्थशास्त्र या चारही विभागांत मिळून 'प्रा.' म्हणून शिल्लक राहिलेला मी एकटाच निघालो. रंगाऱ्याला माझी कीव आली असावी. त्याने माझा 'प्रा.' इतरांच्या 'डॉ.'पेक्षा अंमळ ठळक काढला आहे.

तेव्हापासून मला भेटणारी माणसे एकच प्रश्न विचारतात असा मला भास होतो. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ, बँकेतले माझ्या पत्नीचे सहकारी, सासुरवाडीची मंडळी, सारे थोडे इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणतात, "म्हणजे अजून नुसते एम. ए.च का?" आपल्या भाषेत हा 'नुसता' शब्द मोठा चमत्कारिक आहे. नुसता भात म्हटले की त्यावर वरण नाही, नुसता चहा म्हटले की सोबत पोहे नाहीत. पानात जे वाढले आहे त्याचे नाव सांगून झाल्यावर जे वाढलेले नाही त्याचीच आठवण करून देणारा हा शब्द आहे.

खरे म्हणजे या 'नुसत्या' एम. ए.चा इतिहास पाहिला तर त्याला असे खाली पाहायला लावण्याचे कारण नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८६२ साली त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यांत रानडे आणि भांडारकर होते. पुढे थोड्याच वर्षांत विद्यापीठाने वरच्या परीक्षांतून देशी भाषांची उचलबांगडी केली. ज्यांनी इंग्रजीत पदवी घेतली त्याच रानड्यांनी मग मराठी पुन्हा आत यावी म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. १९०१ च्या जानेवारीत ते वारले. त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस विद्यापीठाने एम. ए.च्या परीक्षेपुरता मराठीला प्रवेश दिला. म्हणजे मराठी या वाड्यात दिंडीदरवाजाने परत आली नाही. माडीवर आली, आणि मग एकेक पायरी उतरत पुष्कळ वर्षांनी बी. ए.च्या वर्गापर्यंत पोचली. मी ज्या पदवीवर पोट भरतो ती मिळावी म्हणून एवढा मोठा माणूस झगडला होता, हे पंगतीतल्या गृहस्थांना सांगावे असे फार वाटते. पण तेवढ्यात जिलबी येते.

मी एम. ए. झालो २००२ साली. दोन वर्षे, आठ पेपर, वर्षाच्या शेवटी एकच परीक्षा. बहिःस्थ परीक्षार्थी पुष्कळ असत. माझ्या पुढच्या बाकावर एस. टी.तले एक कंडक्टर होते आणि मागे दोन मुलांच्या आई असलेल्या एक प्राथमिक शिक्षिका. पेपर सुटला की त्या बाई लगबगीने निघत, कारण धाकट्याला शेजारी ठेवून आलेल्या असत. त्या पहिल्या वर्गात आल्या. मी थोडक्यात हुकता हुकता वाचलो. ती पद्धत फार चांगली होती असे माझे म्हणणे नाही. वर्षभर उनाडून शेवटच्या दीड महिन्यात गाइडे पाठ करणारेही तीतूनच पार पडत. पण माणसाने संध्याकाळी कामावरून येऊन काय वाचावे, किती वाचावे, यात विद्यापीठ फारसे डोकावत नसे.

आता सारे श्रेयांकांत मोजतात. वर्गातले पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले आणि २०२३ पासून महाराष्ट्रात एम. ए.ची दोन वर्षे ८८ श्रेयांकांची झाली. मी गणितात कच्चा, तरी एकदा हिशेब मांडला. चार श्रेयांकांच्या विषयात साठ तास. त्यात संपूर्ण ज्ञानेश्वरी शिकवायची म्हटली तर ओव्या सुमारे ९ हजार. म्हणजे तासाला दीडशे, मिनिटाला अडीच. इतका वेग पारायणाला चालेल, शिकवायला नाही. अर्थात कोणी संपूर्ण नेमत नाही, एखाददुसरा अध्याय नेमतात. परंतु त्या दिवसापासून सहाव्या अध्यायातल्या एखाद्या ओवीवर मी रेंगाळलो की माझी नजर घड्याळाकडे जाते, हे खरे.

याच नव्या रचनेत 'ऑन जॉब ट्रेनिंग' नावाचे चार श्रेयांक आहेत. रसायनशास्त्राची मुले कारखान्यात जातात. मराठीच्या मुलांनी कुठे जावे? आम्ही विभागात बसून तासभर डोके खाजवले. शेवटी दोघांना एका छापखान्यात मुद्रिते तपासायला पाठवले, तिघांना सार्वजनिक वाचनालयात, आणि एकीला स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीत. मी मनातून नाराज होतो. पण छापखान्यात गेलेला मुलगा महिनाभराने परत आला तो ऱ्हस्वदीर्घाबद्दल माझ्याशी भांडायलाच. वीस वर्षांत कोणा विद्यार्थ्याने व्याकरणावरून माझ्याशी भांडण काढले नव्हते! या चार श्रेयांकांविषयी मी हल्ली जपून बोलतो.

मात्र धरसोडीविषयी जपून बोलणे मला जमत नाही. प्राध्यापक होण्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची 'नेट' ही परीक्षा १९८९ पासून सुरू झाली. आपल्या राज्याची 'सेट' १९९५ पासून आहे. मी दिली तेव्हा तिसऱ्या पेपरात हात दुखेपर्यंत लिहावे लागे. 'नेट'मध्ये २०१२ पासून ते लिहिणे गेले आणि चार पर्यायांतून एक निवडणे आले. मर्ढेकरांची कविता समजली की नाही हे आता उमेदवाराने 'अ, ब, क, ड' यांपैकी एका अक्षरात सांगायचे. पुढे २०२४ च्या जूनमध्ये तर ९ लाखांवर मुलांनी अठरा तारखेला ही परीक्षा दिली आणि एकोणीस तारखेला ती रद्द झाली. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी त्यासाठी रात्रीचा प्रवास केला होता. एम. फिल. या पदवीचेही तसेच. संदर्भ कसे टिपावेत, सूची कशी करावी, दुसऱ्याचे मत आणि आपले मत वेगळे कसे ठेवावे हे मुलांना शिकवणारी ती मधली पायरी होती. २०२२ च्या नियमांनी ती काढून टाकली. ज्यांच्याकडे आधीची आहे त्यांची ग्राह्य आहे. दोन हजारांच्या नोटेसारखी. नोट खरी, पण नवी छापली जात नाही.

आणि पीएच. डी.! २०१८ च्या नियमांत म्हटले होते की विद्यापीठाच्या विभागांत सहायक प्राध्यापक व्हायचे तर जुलै २०२१ पासून पीएच. डी. हवीच. मग ती तारीख जुलै २०२३ वर गेली. आणि जुलै २०२३ उजाडला तेव्हा सांगण्यात आले की नेट किंवा सेट पुरे, पीएच. डी. ऐच्छिक. मधल्या पाच वर्षांत आमच्याकडच्या कितीतरी तरुणांनी जीव टाकून प्रबंध पुरे केले. त्यांतले काही प्रबंध मी वाचले आहेत. त्यांना तारखेची धाप लागलेली पानापानावर ऐकू येते.

मी स्वतः पीएच. डी. का केली नाही, याला मोठे तात्त्विक कारण नाही. पहिली नऊ वर्षे मी तासिका तत्त्वावर तीन कॉलेजांत धावत होतो. नंतर स्थिरस्थावर झालो, तेव्हा जे वाचावेसे वाटत होते ते वाचत बसलो. बढती थांबली आहे ती थांबली आहे. पत्नी कधीमधी हिशेब करते. "अहो, आता नाव घातलंत तर सहा वर्षं, म्हणजे बावन्न. दोन वर्षं वाढवून मिळाली तर चोपन्न." मी म्हणतो, "आणि गाइड कोण? माझाच विद्यार्थी." त्यावर तिचे उत्तर ठरलेले आहे. "मग काय झालं? निदान वेळेवर सही तरी देईल."

मुदत ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, हे मला अलीकडे एका मुलीमुळे कळले. पण आधी एक जुनी गोष्ट सांगतो. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ साली एम. ए. झाले आणि १९१६ साली लंडनला आले. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली आणि अर्ध्यावर परतावे लागले. वेगळ्या जहाजातून पाठवलेले त्यांचे सामान पाणतीराने जहाज बुडून समुद्रात गेले. अशा वेळी लंडनने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची मुभा दिली होती. ते मुंबईत सिडनेहॅम कॉलेजात शिकवत राहिले, पैसे साठवले, १९२० साली परत गेले, १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. कोलंबियाची पीएच. डी. तर १९२७ साली हाती आली, कारण तिथे त्या काळी प्रबंध छापून प्रती दिल्याखेरीज पदवी देत नसत, आणि ते पुस्तक छापून निघायला १९२५ साल उजाडले. माणूस तोच, बुद्धी तीच. पण कुठल्या तरी कार्यालयातल्या त्या चार वर्षांच्या परवानगीला मी मनोमन नमस्कार करतो.

आता ती मुलगी. बीड जिल्ह्यातली, माझ्याकडे एम. ए. झालेली. तिला आपल्या पंचक्रोशीतल्या म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्यांवर काम करायचे होते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रभरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या हे तिला मीच सांगितले होते. ती म्हणाली, "सर, तुम्हीच गाइड व्हा." मी म्हटले, "बाई, मी नुसता एम. ए. ज्याची स्वतःची पीएच. डी. नाही त्याला गाइड होता येत नाही." मग मुलीला स्थळ शोधावे तसा आम्ही गाइड शोधू लागलो. सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात, सहयोगीला सहा, प्राध्यापकाला आठ. सगळीकडे पाने मांडलेली आणि माणसे बसलेली. शेवटी दुसऱ्या जिल्ह्यातले एक भाषाविज्ञानाचे सद्गृहस्थ मिळाले. त्यांनी मोकळेपणाने सांगितले, "ओव्यांतलं मला फार कळत नाही. तुमच्या सरांना दाखवत जा." अशी तिची नोंदणी २०१८ साली झाली.

मग तिचे लग्न झाले आणि ती सांगलीकडे गेली. लग्नामुळे गाव बदलले तर संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेता येते असे कलम आहे; पण तिथे पुन्हा गाइडाचे स्थळ पाहणे आले, म्हणून तिने जुनेच ठेवले. मग करोना आला. अकरा गाणाऱ्या बायांपैकी तिघी त्या दोन वर्षांत गेल्या. मग मुलगा झाला. नियमांत स्त्रियांना दोन वर्षे जास्तीची आहेत, बाळंतपणाची २४० दिवसांची रजा आहे. आणि ही कलमे ज्याने कोणी लिहिली त्याच्या घरी नक्की एखादी शिकणारी लेक किंवा सून असली पाहिजे. पण तिची खरी घाई विद्यापीठाशी नव्हतीच. घरोघर विजेच्या चक्क्या आल्या. उरलेल्या बाया म्हणत, "खुंट्याला हात लागल्याबिगर आठवत न्हाई गं." तेव्हा तिने माळ्यावरचे जाते काढायला लावले, पसाभर ज्वारी बरोबर नेली, आणि पाठीला मूल बांधून ध्वनिमुद्रण केले.

प्रबंध तयार झाल्यावर तो वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या यंत्रात घातला. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालते. हिचे त्याहून पुष्कळ निघाले. तिचा फोन आला तेव्हा तिला बोलवत नव्हते. यंत्राचे म्हणणे असे की या ओव्या आधीच कुठे कुठे छापलेल्या आहेत. त्या तशा असणारच! एक ओवी चार जिल्ह्यांत शंभर बाया गातात. कोणी कोणाची चोरली? नाव देऊन घेतलेली अवतरणे मोजू नयेत, असे त्याच नियमांत आहे. तिने पंधरा दिवस बसून प्रत्येक ओवीला अवतरणचिन्हे घातली आणि खाली गाणारणीचे नाव, गाव आणि तारीख लिहिली. साम्य चार टक्क्यांवर आले. बावीस वर्षे मी प्रबंध वाचतो आहे. तळटिपांत इतकी लुगडी नेसलेली माणसे मी प्रथमच पाहिली.

तिची मौखिक परीक्षा दिवाळीनंतरच्या आठवड्यात आहे. ही परीक्षा खुली असते. विभागातले अध्यापक, संशोधक विद्यार्थी आणि विषयात रस असलेले इतर तज्ज्ञ तिला हजर राहू शकतात. या शेवटच्या शब्दांत मी कसाबसा बसेन असे मला वाटते. तिची मोठी आत्याही येणार आहे. वय ऐंशीच्या पुढे. प्रबंधातल्या सर्वांत जास्त ओव्या तिच्या. आत्याला आत सोडतील का, असे तिने काल विचारले. मी नियमाची प्रत काढून ते कलम पुन्हा वाचले आणि तिला सांगितले की तज्ज्ञांच्या जागी आधी आत्याला बसव, माझे मी मागे उभा राहीन. माझी गाडी पहाटे साडेपाचची आहे.