मले नाही, मला

परवा मंडळाच्या दसऱ्याच्या कार्यक्रमात एक ओळखीच्या काकू भेटल्या. लेकीच्या गालाला हात लावून मला म्हणाल्या, "किती शुद्ध बोलायला लागली हो! मागच्या वर्षी अगदीच गावठी वाटायची. तुमच्या मेहनतीचं चीज झालं."

मी सवयीने हसले. काकू मनाने चांगल्या आहेत, त्यांचा राग नाही. पण घरी येईपर्यंत गाडीत मला एक शब्द बोलता आला नाही. मेहनत मी खरंच घेतली होती. तिचीच आता लाज वाटते, म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

नव्याने जोडलेल्यांसाठी थोडं आधीचं. आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ राहतो. साडेतीन वर्षं अर्ज, चौकशा, घरभेटी आणि वाट पाहणं झाल्यावर 2024 च्या जुलैत आम्ही विदर्भातल्या एका संस्थेतून मुलगी दत्तक घेऊन आलो. तेव्हा ती साडेसहा वर्षांची होती. तिचं नाव आणि फोटो इथे टाकत नाही. मोठी झाली की टाकायचे का नाही ते तीच ठरवेल.

सगळे म्हणत होते, तुमचं एक बरं आहे, मुलीला मराठी येतंय. इथे अमेरिकन आईवडिलांकडे आलेल्या मुलांना पहिले काही महिने भूक लागली हेसुद्धा खुणेने सांगावं लागतं. आमचं तसं नव्हतं. पहिल्याच रात्री ती म्हणाली, "मले भूक लागली." आणि मी वरणभात कालवता कालवता सहज म्हणाले, "मले नाही बाळा, मला."

सुरुवात अशी पहिल्या रात्रीच झाली.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर पुण्याचं. घरात पुस्तकं, दिवाळी अंक, शुद्धलेखनाचा धाक. ती "कायले" म्हणाली की मी "कशाला" म्हणायचे. ती "डोया" म्हणाली की मी "डोळा". ती बिचारी माझ्या मागून म्हणायची आणि पुढच्या वाक्याला परत तिच्या वळणावर जायची. मला वाटायचं, हळूहळू होईल.

एकदा जेवताना म्हणाली, "भाजीवर सांबार टाक ना." मी म्हटलं, अगं आज सांबार केलं नाही, इडलीच्या दिवशी करू. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग उठून फ्रिज उघडला आणि कोथिंबिरीची जुडी माझ्या हातात दिली. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं! आम्ही खूप हसलो, आणि त्यानंतरही मी तिला सांगितलं, "याला कोथिंबीर म्हणायचं."

मग सप्टेंबर संपला आणि इथला फॉल सुरू झाला. मेपल आधी टोकाला लाल झाले, मग अख्खे. लोक गाड्या काढून रंग बघायला जातात, सफरचंदाच्या बागांत जातात, साइडर मिलवर गरम डोनट खातात. आम्हीही नेलं तिला. ती गप्प होती. परत येताना विचारलं, "आई, हे झाडं कायले मरून राह्यले?"

मी समजावलं. मरत नाहीत, पानं गळतात, वसंतात परत येतात. तिने विचार केला आणि म्हणाली, "मंग होळी कवा हाय?"

मला संदर्भच लागेना. ऑक्टोबरात होळी? रात्री लक्षात आलं. तिच्याकडे सागाची पानं गळतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. मग पळस फुलतो आणि होळी येते. तिच्या हिशोबात पानं पडली की पुढे होळी आणि ऊन. इथे पानं पडली की पुढे बर्फ. तिचं सगळं पंचांगच आम्ही उलटं करून टाकलं होतं, आणि मी त्या वाक्यातला "कवा" दुरुस्त करत बसले होते.

दसऱ्याला तिने परसातून पिवळी पानं ओंजळीत भरून आणली. आपटा कुठून मिळणार? शेजारच्या म्हाताऱ्या अमेरिकन आजींच्या हातावर एक पान ठेवून म्हणाली, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." आजींना काही कळलं नाही, पण ते पान त्यांनी फ्रिजवर लावलं.

2024 मध्ये इथलं लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच दिवशी आलं, 31 ऑक्टोबरला. पायरीवर पणत्या आणि भोपळे शेजारी शेजारी. दारावर मुलं आली. त्यातलं एक बुजरं पोर टोपलीतून एकच चॉकलेट घेऊन मागे सरकलं, तर आमची बया त्याला मराठीत म्हणते कशी, "घे ना अजून, लाजतं कायले?" त्याला काय कळलं देव जाणे, पण त्याने मूठभर घेतली. तेव्हा तिला बोलायची काही भीती नव्हती.

त्यानंतरच्या शनिवारी आमच्या इथल्या एका मंडळाची दिवाळी होती. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा केंद्राचा निर्णय 3 ऑक्टोबरलाच झाला होता. नेमकी त्याच दिवशी घटस्थापना. सगळे ग्रुप फेट्यांनी आणि ज्ञानेश्वरीच्या फोटोंनी वाहत होते, मीही त्यात होते. कार्यक्रमात प्रत्येक लहान मुलाने स्टेजवर येऊन मराठीत दोन वाक्यं बोलायची होती. इथे जन्मलेली मुलं अडखळत, "माझा आई" वगैरे म्हणत बोलली. टाळ्या पडल्या. आमची गेली आणि न अडखळता म्हणाली, "मले दिवाळी आवडते. मले लाडू आवडते."

सभागृह हसलं. कुणी वाईट मनाने हसलं नाही. एक आवाज आला, "अरे वा, नागपूर एक्स्प्रेस!" ज्या मुलांना धड एक वाक्य येत नव्हतं, तीही हसली. ती खाली आली, माझ्या शेजारी बसली. तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा मीही हसत होते.

त्या दिवसापासून तिने घरात मराठी बोलणं थांबवलं. मी मराठीत विचारायचे, ती "ओके", "नो", "आय डोन्ट नो". शाळेत इंग्रजी झपाट्याने येत होतं, शिक्षिका खूश. दत्तक झाल्यावर दोन वर्षं भारतात अहवाल पाठवावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. त्यासाठी समाजसेविका ऑक्टोबरात येऊन गेल्या होत्या. उंची, वजन, झोप, शाळा, मैत्रिणी, सगळं विचारलं, सगळं उत्तम होतं. पुढच्या भेटीतही उत्तमच दिसलं असतं. घरात एक मूल गप्प होत चाललंय हे कुठल्या तक्त्यात दिसणार?

घड्याळं एक तास मागे गेली. सव्वापाचला अंधार. झाडं रिकामी. दर शनिवारी आम्ही पानं ओढून खाकी कागदी पोत्यांत भरायचो आणि रस्त्याकडेला ठेवायचो. ती मदत करायची, न बोलता.

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात तिला सांभाळणाऱ्या संस्थेतल्या मावशींशी व्हिडिओ कॉल झाला. "काय वं पोट्टी, जेवली का?" ती म्हणाली, "येस." मावशी हसल्या. "बोलत काऊन नाही वं? विसरली का आमची बोली?" ती काही बोलली नाही, माझ्याकडे बघितलं. मला ती नजर कळली. परवानगी मागत होती ती. मी स्वयंपाकघरात निघून गेले. पाच मिनिटांनी बाहेरून आवाज आला, दबका, भरभर, "मावशे, मले लय थंडी लागून राह्यली अठी."

तीन आठवड्यांनी ऐकलेलं तिचं ते पहिलं मराठी वाक्य. मी ओट्याशी उभी राहून रडले.

ज्या आवाजाने तिला साडेसहा वर्षं जेवू घातलं, निजवलं, ताप आला तेव्हा उशाशी बसलं, तो आवाज "मले" म्हणणारा होता. ते मी रोज चूक म्हणून खोडत होते. इंग्रजी आपली भाषा खाते म्हणून आपण एवढं बोलतो. माझ्या घरात इंग्रजीचा नंबर नंतर लागला. पहिला खोडरबर माझ्याच हातात होता.

कागदपत्रांची आम्ही किती काळजी घेतली होती! 1989 मध्ये मुंबईहून दत्तक आलेल्या एका मुलीच्या नागरिकत्वाचे कागद कधी पूर्णच झाले नाहीत. मोठेपणी एका गुन्ह्यात शिक्षा झाली आणि 2008 मध्ये तिला भारतात परत पाठवलं गेलं. ते वाचून नवरा कित्येक रात्री झोपला नव्हता. खरं तर आमच्या लेकीला तशी भीती नाही. नवरा अमेरिकन नागरिक, त्यामुळे 2000 सालच्या इथल्या कायद्याने ती इथे उतरली तेव्हाच आपोआप नागरिक झाली. तरी सगळ्या कागदांच्या तीन तीन प्रती करून ठेवल्यात. तिच्या भाषेची प्रत ठेवावी हे मात्र दोघांनाही सुचलं नाही.

आणि हे काही माझं भावुक खूळ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं विसावं कलम वाचा. घरापासून दुरावलेल्या मुलाची सोय लावताना त्याचा वंश, धर्म, संस्कृती आणि भाषा यांचा विचार व्हावा, असं त्यात स्पष्ट आहे. भारताने तो करार 1992 मध्ये स्वीकारला. अमेरिकेने अजून मंजूर केलेला नाही, पण आमच्या घरात तो लागू करायला आम्हाला कुणी अडवलं नव्हतं.

2014 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी चीनमधून तान्हेपणी दत्तक आलेल्या, फक्त फ्रेंच बोलणाऱ्या मुली तपासल्या. वय 9 ते 17. चिनी भाषा त्यांना अजिबात कळत नव्हती. तरी चिनी सूर कानावर पडले की त्यांचा मेंदू चिनी बोलणाऱ्यांसारखाच काम करत होता. म्हणजे बोली जिभेवरून गेली तरी आत कुठेतरी राहते. मग ती चूक आहे असं लेकराला शिकवलं, तर ते लेकरू स्वतःबद्दल काय शिकत असेल?

आणखी एक. अभिजात दर्जासाठी आपण ज्या ग्रंथांचे दाखले दिले त्यात लीळाचरित्र आहे. म्हाइंभटांनी ते तेराव्या शतकात रिद्धपूरला सिद्ध केलं. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात. म्हणजे मराठी गद्याचा पहिला ग्रंथ विदर्भातला. त्याच्या जोरावर मिळालेल्या दर्जाचे पेढे वाटायचे आणि महिन्याभरात विदर्भाच्या लेकराच्या "मले"वर हसायचं, हे आपण केलं. मी धरून.

त्यानंतर मी दुरुस्त करणं सोडलं. सोपं नव्हतं, जीभ आपोआप वळते. एक वही केली. ती जे म्हणते ते लिहायचं, मावशींना विचारून अर्थ लिहायचा. अठी, तठी, फल्लीदाणे, सांबार, येजो, सांगजो. बोलायला तिला वेळ लागला. फेब्रुवारीत एकदा चिडून "मले नाही खाचं!" म्हणाली आणि मी ते "मले" ऐकून इतकी खूश झाले की रागवायचं विसरले.

पण सगळं परत आलं नाही. आज तिचं मराठी बरंचसं माझ्यासारखं झालंय, मध्ये मध्ये इंग्रजी. "अठी" गेलं. वहीतलं वाचून दाखवलं तर हसते, "मी असं म्हणायचे?" काकूंना जे शुद्ध वाटलं ते हे. माझ्या मेहनतीचं चीज.

अजून एक ऐकावं लागतं, "पुण्याचं काम केलंत, पोरीचं नशीब उघडलं." कृपा करून तिच्यासमोर हे म्हणू नका. आम्हाला मूल हवं होतं, म्हणून आम्ही तिला आणलं. त्यात तिची मावशी गेली, मैत्रिणी गेल्या, ऊन गेलं, होळीचा महिना गेला. एवढं सोडून आलेल्या मुलीने वर आभार कशाचे मानायचे?

मंडळाच्या लोकांना एकच विनंती. दिवाळीच्या कार्यक्रमात मुलं स्टेजवर येतील तेव्हा कुणी "मले" म्हणेल, कुणी "माका", कुणी "माले". हसू नका. टाळ्या तेवढ्याच वाजवा.

2025 मध्ये दसरा 2 ऑक्टोबरलाच आला. मेपल अजून हिरवेच होते. ती अर्धा तास परसात शोधत होती, शेवटी एक अर्धं पिवळं पान घेऊन आली. "आई, कच्चं सोनं आहे, चालेल?" म्हटलं, पळेल.

आणि हो, या भागात वऱ्हाडातलं, नागपुराकडचं कुणी असेल तर मला मेसेज करा. एखाद्या रविवारी जेवायला या. तुमच्या घरी बोलता तसंच तिच्याशी बोला, बाकी काही नको. भाजीवर सांबार भरपूर टाकीन.