गावचे दप्तर

अरुणावतीच्या काठी वसलेल्या आर्णीत संगणकांची देखभाल करताना मला हळूहळू उमगलेली गोष्ट अशी, की सॉफ्टवेअर गेले तर घटकाभरात पुन्हा मिळते. परंतु त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलीत कोणा एका माणसाने, कधी प्रिंटर बदलला म्हणून तर कधी नवे यंत्र आले म्हणून, वर्षानुवर्षे घातलेल्या ओळी जगातील कोणत्याही भांडारात मिळत नाहीत.

१९९३ साली आरंभ झालेल्या डेबियन प्रणालीने हे तारतम्य आपल्या नियमावलीतच घालून ठेवले, याबद्दल मला तिच्याविषयी नितांत आदर वाटतो. 'रिमूव्ह' म्हटले की सॉफ्टवेअर जाते आणि फाइल जागच्या जागी राहते, जसे पटवाऱ्याची बदली झाली तरी गावचे दप्तर गावातच राहते. 'पर्ज' म्हटले की दप्तरही जाते. नवी आवृत्ती येते तेव्हा पूर्वी आलेल्या मूळ फाइलीची जपून ठेवलेली खूण, आपली फाइल आणि नवी फाइल यांचा ताळा घेतला जातो. दोन्हीकडे फेरफार झाला असेल तरच प्रश्न विचारला जातो, आणि नुसते एंटर दाबणाऱ्याची फाइल कायम राखली जाते.

एका शाळेच्या संगणककक्षात यंत्रांना पत्ते वाटणारे डीएनएसमास्क हे सॉफ्टवेअर अडून बसले, तेव्हा मी उतावीळपणे 'पर्ज' लिहिले. त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलीत प्रत्येक यंत्राची बारा आकडी-अक्षरी ओळख, त्याला नेमून दिलेला पत्ता, आणि पुढे हॅशचे चिन्ह घालून 'खिडकीजवळचा', 'मुख्याध्यापकांचा' अशी माझ्या आधीच्या गृहस्थांची टिपणे होती. शेजारीच, नावापुढे 'डॉट बॅक' जोडून, मी एक प्रत ठेवली होती; परंतु पर्ज करताना डीपीकेजी, म्हणजे डेबियनमध्ये सॉफ्टवेअर बसवणारे-काढणारे साधन, अशा प्रतीही पुसून टाकते, हे मला त्या दिवशी कळले. एकेका यंत्रापुढे बसून मी ओळखी पुन्हा उतरवून काढल्या. टिपणे मात्र गेली ती गेलीच, आणि एका ओळीपुढे 'हा पत्ता बदलू नये' असे का लिहिले होते, ते आता कोणालाच सांगता येत नाही.

आता या फाइली जिथे असतात त्या ईटीसी फोल्डराची प्रत मी दुसऱ्या यंत्रावर ठेवतो, आणि प्रश्न आला की प्रथम 'डी' दाबून दोन्ही फाइलींतील फरक ओळीओळीने वाचतो. या कामातील माझ्या बंधुभगिनींना विनंती एवढीच, की 'पर्ज' लिहिण्यापूर्वी ती फाइल एकदा उघडून, तिच्यात कोणाचे टिपण आहे ते वाचावे.