माळ आणि करवत

शाळेच्या भिंतीवरचं 'झाडे लावा, झाडे जगवा' वाचत मोठा झालेला माणूस मी. त्यामुळे फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या थर्स्लीच्या माळावर, स्वयंसेवक म्हणून का होईना, पाइनची कोवळी रोपं करवतीने कापताना हात अडखळत होता. इथे अशा रेताड, हेदरच्या खुरट्या झुडपांच्या माळाला 'हीथ' म्हणतात. सोबतचे एक आजोबा माझा चेहरा बघून हसले. म्हणाले, "जूनमध्ये ये, मग बोलू."

जूनमध्ये गेलो.

हेदरवर सिल्व्हर-स्टडेड ब्लू नावाची निळी फुलपाखरं बसली होती. पंख पसरून जेमतेम ३ सेंटिमीटर! बहुतेकजण दिवसाला २० मीटरही सरकत नाहीत म्हणे. त्यांच्या अळ्या काळ्या मुंग्यांना गोड रस पाजतात आणि मुंग्या त्यांची राखण करतात. अगदी शेजारधर्म!

तेवढ्यात पायवाटेवर काहीतरी हिरवं चमकलं आणि पळालं. टायगर बीटल! हा भुंगेरा भक्ष्यामागे इतका सुसाट धावतो की त्याच्या डोळ्यांना पुढचं नीट दिसेनासं होतं. मग थांबायचं, बघायचं, पुन्हा धावायचं. त्याची अळी जमिनीत उभं बीळ करून तोंडाशी दबा धरून बसते आणि जवळून जाणारी मुंगी पकडते. म्हणजे एकाची राखणदार ती दुसऱ्याची न्याहारी.

स्वभावाने इतके वेगळे हे दोघं, पण दोघांनाही हवी असते ती उन्हाने तापलेली, मोकळी माती. फुलपाखराच्या मुंग्यांची वारुळं तिथेच आणि भुंगेऱ्याच्या अळीचं बीळही तिथेच. पाइन आणि बर्च वाढले की सावली पडते, माती गार होते आणि दोघांचाही संसार उठतो. ब्रिटनमधला सखल भागातला असा माळ १८०० पासून सुमारे ८० टक्के नाहीसा झाला आहे. त्यात शेती आणि घरांचा वाटा आहे, तसाच मुद्दाम लावलेल्या जंगलांचाही.

परतताना गावाबाहेरचा आमचा माळ आठवला. सरकारी कागदावर 'पडीक'. सातवीत असताना आम्ही तिथे रांगेत उभं राहून रोपं लावली होती, टाळ्याही वाजवल्या होत्या. खड्डा खणताना तिथे आधीपासून कोण राहतंय, हे आमच्यापैकी कुणीच वाकून बघितलं नव्हतं.