वाढत्या अंगाची केबल

विहिरीचं पाणी गोड आहे की मचूळ, याची चौकशी सगळे करतात. रहाट लाकडी की लोखंडी, हेही कोणी कोणी विचारतं. दोराची चौकशी मात्र तो तुटून घागर तळाला गेल्यावरच होते. संगणकाच्या केबलचं नेमकं असंच आहे. माणूस महिनाभर डोकं खाजवून पंचवीस-तीस हजारांचा मॉनिटर पसंत करतो. आणि त्याला जोडायची केबल? "असेल घरात एखादी!"

आम्ही लोट्यात राहतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हे वाक्य फार आवडतं. "मग शेजारी तांब्यात राहतात का?" हा विनोद मी आजवर शंभरदा ऐकला असेन आणि शंभरदा हसलोही आहे, पाहुणा तो पाहुणाच. तर लोटे हे मुंबई-गोवा महामार्गावरचं, खेड तालुक्यातलं गाव. अलीकडे खेड, पलीकडे परशुराम घाट उतरला की चिपळूण आणि मधे आमची रासायनिक कारखान्यांची वसाहत. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण वसवलं, अशी कथा आहे. पुढे कोकणातली पोरंही त्याच बाणासारखी सुटली ती थेट मुंबईत जाऊन पडली. परत येतात ती गणपतीला आणि शिमग्याला.

त्यामुळे आमची कन्या पुण्याची खोली सोडून "आता घरूनच काम करणार" म्हणत दारात उभी राहिली, तेव्हा सौ.ने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मुलीचं काम पाइपांचे नकाशे काढण्याचं. रेषा केसाएवढ्या. म्हणून तिने सत्तावीस इंची 'फोर-के' मॉनिटर आणला होता. केबल आणली होती ती खोलीतल्या जुन्या टीव्हीची.

तिसऱ्या दिवशी सकाळी सौ.ने वाटणासाठी मिक्सर लावला आणि आतून आरोळी आली, "आई, मिक्सर!" पडदा काळाठिक्कर. दोन सेकंदांनी पुन्हा चित्र हजर, जणू काही झालंच नव्हतं. मिक्सर लावला की पुन्हा अंधार. कधीकधी तर ती गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीतून नुसती उठली तरी पडदा डोळा मारायचा. आता कोकणातल्या घरात वाटण बंद म्हणजे स्वयंपाकच बंद. आठ दिवसांत 'नकाशा की आमटी' असा पेच उभा राहिला. नवव्या दिवशी मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, असंच चाललं तर मला पुण्याला परत जावं लागेल हो."

त्या दिवशी सौ.ने माळ्यावरचा पाटा काढायला लावला आणि बासष्टाव्या वर्षी खोबरं पाट्यावर वाटलं. बोलली काहीच नाही. ती बोलत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

सल्ले भरपूर आले. शेजारच्यांनी व्होल्टेजला दोष दिला, समोरच्यांनी कारखान्यांच्या हवेला. एकांनी गाऱ्हाणं घालून नारळ ठेवायला सांगितलं. मी जन्मभर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खात्यात काढलेला माणूस. आमच्या खात्याचा धर्म एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी मुलीला म्हटलं, "सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतंय ना, ते तीसवर आण." तिने आणलं. मिक्सर लावला, पडदा हूं की चूं करेना. म्हणजे मॉनिटर निर्दोष, संगणक निर्दोष आणि सौ. तर सपशेल निर्दोष. गुन्हेगार मधली केबल!

हिशेब साधा आहे. पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके. एकेका ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट, आणि हे सारं सेकंदाला ६० वेळा. झाले सुमारे १२ अब्ज बिट. एचडीएमआयमधून पाठवताना बांधाबांध धरून हा माल १८ अब्जांच्या घरात जातो. 'हाय स्पीड' म्हणवणाऱ्या जुन्या केबलची कुवत १०.२ अब्ज तपासलेली. सेकंदाला तीस चित्रं ती कशीबशी ओढते. साठ म्हटली की जीव नाकाशी येतो. तशात मिक्सरच्या मोटारीतल्या ठिणग्यांचा गोंगाट झाला की तिला समोरचं ऐकूच येत नाही.

पूर्वीच्या तारांना थोडी लाज होती. दूरदर्शनच्या काळात सिग्नल मंदावला की पडद्यावर मुंग्या यायच्या, माणसामागे त्याचं भूत दिसायचं. आपण समजायचो आणि कौलांवर चढून अँटेना फिरवायचो. कारखान्यात आम्ही याहून हुशारी करत असू. टाकीतली पातळी शून्य असली तरी तारेतून ४ मिलीअँपिअर जायचे आणि टाकी पूर्ण भरली की २०. त्यामुळे काट्यावर खरोखरचा शून्य दिसला की टाकी रिकामी नाही, तार तुटली, हे लगेच कळायचं. डिजिटल केबलला हा सोसच नाही. चुका हाताबाहेर जाईपर्यंत ती चित्र झकास दाखवते आणि मग एकदम डोळे मिटते. म्हणूनच तिची पारख आधी करायची.

चिपळूणच्या दुकानात गेलो. तरुण दुकानदाराने सोनेरी टोकांची, विणलेल्या वेष्टनाची केबल काढली. "काका, सोन्याचं पाणी आहे!" म्हटलं, "बाबा रे, सोन्याने टोकं गंजत नाहीत एवढंच; कोकणच्या हवेत तेवढं बरं. चित्र काही उजळत नाही." मग त्याने '२.१' असा मोठा आकडा दाखवला. तो आकडा यंत्राच्या आवृत्तीचा. केबलची ओळख तिच्या वर्गावरून. 'प्रीमियम हाय स्पीड' १८ अब्जांपर्यंत तपासलेली, 'अल्ट्रा हाय स्पीड' ४८ अब्जांपर्यंत. आणि खरीखुरी असेल तर खोक्यावर मान्यतेचा शिक्का असतो, तो मोबाइलने तपासता येतो. डिस्प्लेपोर्टची केबल घेणाऱ्यांनीही मान्यताच बघावी. हलक्या केबलीत विसाव्या पिनेला नको ती तार जोडलेली असते आणि संगणकाला भलत्याच बाजूने वीज पोचते.

शेवटी आमची गाडी लांबीवर अडली. मला दीड मीटर हवी होती. दुकानदार पाच मीटरवर ठाम. "शंभराचाच फरक आहे काका. उरलेली गुंडाळून ठेवा, पुढे उपयोगी पडेल." त्याचं तरी काय चुकलं? आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा, चपला वाढत्या अंगाच्या, मुंजीतला सदरा लग्नापर्यंत पुरेल असा. पण केबल ही एकच वस्तू अशी, की जी जास्त घेतली तर कमी मिळते. तार जितकी लांब तितका सिग्नल वाटेत थकतो. टेबलापासून मॉनिटरपर्यंत पोचते तेवढीच घ्यावी. दुकानदाराने फळीमागून साध्या काळ्या केबलचं खोकं काढलं, शिक्का मी मोबाइलने तपासला, तोही कुतूहलाने डोकावला. "हे असं पण असतं होय!" म्हणाला आणि उरलेली खोकी एकेक करून उलटीपालटी करून बघू लागला.

केबल लावून आता तीन आठवडे झाले. साठच्या साठ चित्रं येतात, मिक्सर घरघरतो, पाटा माळ्यावर गेला. सौ.ला हा सारा प्रकार परशुरामाच्या कृपेचा वाटतो. मी वाद घालत नाही.

काल मुलगी म्हणाली, "बाबा, चिपळूणला गेलात तर असलीच आणखी एक घेऊन या. स्पेअर असू दे."

कारखान्यात आम्ही स्पेअर ठेवायचो तो कायम राहणाऱ्या यंत्राचा. मी तसं काही बोललो नाही. नुसती पिशवी शोधली आणि चपला पायात घातल्या. सौ. म्हणाली, "अहो, आत्ता कुठे निघालात? बारा वाजलेत, जेवून जा."