"काही करत नाही तो"

आमच्या भंडाऱ्याच्या घराच्या फाटकावर बाबांनी पत्र्याची पाटी लावली होती, 'कुत्र्यापासून सावध राहा'. मला त्या पाटीचं कोण कौतुक! शेरू म्हणजे गल्लीतला दादा. कोणी फाटकाशी थबकलं की मी आतूनच ओरडायचो, "या हो, काही करत नाही तो."

एका सकाळी त्याने केलं. दूध घालायला येणाऱ्या काकाजींची पोटरीच धरली. दोष शेरूचा कसा म्हणू? रात्री फाटकाची कडी मीच लावली नव्हती. आईने जखम साबण लावून नळाखाली बराच वेळ धुतली, मग मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कुत्र्याला रेबीजची लस दिलीय?" मी खाली बघत राहिलो...

काकाजींनी सगळी इंजेक्शनं घेतली. तक्रार केली नाही. "जाऊ दे भाऊ, मुकं जनावर हाये," एवढंच म्हणाले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हा मला वाटायचं, असले कायदे मोठ्या शहरांत असतील, आपल्याकडे कुठले! खरं तर १८६० च्या भारतीय दंड संहितेतच कलम २८९ होतं. पाळलेल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून हेच भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ झालं, दंड पाच हजारांपर्यंत गेला.

त्यात कुत्र्याच्या जातीचा उल्लेखही नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पिटबुल, रॉटवायलर अशा तेवीस जातींवर बंदी घालायला राज्यांना कळवलं, आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. वाद झाला तो जातींवरून. आमचा शेरू तर शुद्ध गावठी, तो कुठल्या यादीत सापडला असता? कायदा बघतो ती मालकाने घेतलेली काळजी. म्हणजे माझी ती न लावलेली कडी.

शेरू जाऊन बरीच वर्षं झाली. आता घरी दुसरा कुत्रा आहे, अगदी गरीब. दरवर्षी लस देतो, रात्री कडी दोनदा बघतो. आणि फाटकाशी कोणी थबकलं तर म्हणतो, "थांबा हो, आधी बांधतो त्याला."